सायकलीचा रंग राहू द्या, आधी कार्ड

वाचकाचं पत्र थोडक्यात असं: वडिलांनी तीस वर्षं दामटलेली सायकल घरात आहे. नवा रंग, नवं क्रोम, जुन्या बनावटीचे सुटे भाग असा साज चढवायला अर्धा पगार लागेल. 'पुढे अँटिक म्हणून भाव येईलच, मग ही गुंतवणूकच नाही का?' पैसे क्रेडिट कार्डाने देणार. आणि शेवटी, जाता जाता: कार्डावर ४ पगारांएवढी थकबाकी आहे, व्याज महिन्याला ३ टक्के, 'पण मिनिमम (दरमहा भरावी लागणारी किमान रक्कम) मी कधी चुकवत नाही'. विमा पॉलिसीचे गेले तीन हप्तेही कार्डावरूनच गेलेत.

सायकल ही गुंतवणूक नाही. घरोघरी असलेल्या, वापरून झिजलेल्या मॉडेलला संग्राहक विचारत नाहीत. दुर्मिळ सायकलीतही त्यांना बहुधा मूळ रंगच हवा असतो. शिवाय तुम्हाला ती विकायची नाहीये, मग भाव कशाला बघताय?

आता तुम्ही न विचारलेलं. महिन्याला ३ म्हणजे वर्षाला ३६ टक्के, चक्रवाढीने साडेबेचाळीस. ४ पगारांवर नुसतं व्याज वर्षाला जवळपास दीड पगार. तीन सायकली चकाचक होतील एवढे पैसे दरवर्षी जातात आणि मुद्दल जागचं फारसं हलत नाही. पंक्चर न काढता रोज सकाळी हवा भरण्यातला प्रकार आहे हा.

आणि हे कशासाठी? बरंचसं त्या पॉलिसीसाठी: वर्षाला १ पगार, २० वर्षं भरायचे, शेवटी ३० पगार मिळणार. 'खात्रीशीर दीडपट!' हिशेब मांडला तर परतावा वर्षाला पावणेचार टक्क्यांच्या आसपास, तोही एकही हप्ता न चुकवता. म्हणजे ३६ टक्क्यांनी उसने घेऊन पावणेचारवर ठेवताय. विकणारा कमिशन घेऊन मोकळा झाला. बरं, विमा किती? २० पगार. तुमच्यामागे घर पावणेदोन वर्षंही चालायचं नाही.

आधी साधा मुदत विमा (टर्म इन्शुरन्स: फक्त मृत्यूनंतर घरच्यांना पैसे देणारा) घ्या. तो हातात आल्यावरच जुनी पॉलिसी सरेंडर केली (बंद करून पैसे परत घेतले) तर किती आणि पेड-अप केली (हप्ते थांबवून कमी रकमेवर चालू ठेवली) तर किती, हे दोन्ही आकडे लेखी मागा. सरेंडरचे पैसे भरल्यापेक्षा कमी येतील, जीव तुटेल. तरी माझा कल सरेंडरकडेच, कारण ते पैसे थेट कार्डात जातील. उरलेल्या थकबाकीसाठी निम्म्या व्याजाचं कर्ज मिळालं तर घ्या आणि कार्ड कपाटात ठेवा. पॉलिसीचा पुढचा हप्ता भरू नका.

राहिली सायकल. लहानपणी पुढच्या दांड्यावर बसायचात, तिथला रंग घासून आतलं लोखंड दिसतंय, असं तुम्हीच लिहिलंय. तोच दांडा खरवडून घ्यायला पैसे मोजणार? माझ्याकडेही एक जुनी आहे. हौसेने रंगवली आणि मग ती कुणाचीच वाटेना.

तुमची फक्त चालती करा. फ्रेमच्या जोडांवर तडा नाही ना ते बघा, छर्रे काढून ग्रीस भरा, टायर-ट्यूब आणि ब्रेकची रबरं बदला. चेन मोजा: २४ कड्या नवी असताना बरोबर १२ इंच भरतात. त्याहून इंचाचा सोळावा भाग वाढली असेल तर ती संपली. हे सगळं पगाराच्या किरकोळ भागात बसतं, रोख द्या. नवी चेन टाकताना फ्रीव्हीलचे (मागच्या चाकाच्या दातेरी चक्राचे) दातही तपासून घ्या. झिजलेल्या दातांवरून नवी चेन घसरते.