लेक म्हणते, आवाजाने चिप चालवायची!

प्रश्न : आम्ही खानापूर तालुक्यातले. मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करतो. मुलगी दुसऱ्या पीयूसीला (म्हणजे बारावीला) आहे, दहावीपर्यंत मराठी माध्यम. ध्वनिलहरींनी चिपमधले इलेक्ट्रॉन हलवता येतात असं तिने कुठंतरी वाचलं आणि आता तेच शिकायचं म्हणून बसली आहे. भावकीत सगळे कॉम्प्युटर सायन्स म्हणतात. हे साउंड इंजिनिअरिंग का? यात पोट भरेल का?

उत्तर : नमस्कार. साउंड इंजिनिअरिंग म्हणजे रेकॉर्डिंगचं काम, ते वेगळं. तुमची लेक म्हणते तो आवाज कानाला ऐकूच येत नाही. कानाची मजल सेकंदाला 20 हजार कंपनांपर्यंत. इथे शंभर कोटींची बात आहे.

घरातला गॅसचा लायटर बघा. खटका दाबला की आतल्या स्फटिकावर ठोका बसतो, वीज तयार होते, ठिणगी उडते. क्युरी बंधूंनी 1880 मध्ये दाखवलेला हा गुण. उलटही होतं : वीज दिली की स्फटिक थरथरतो. त्यावर एकमेकींत अडकवलेल्या दोन फण्यांसारखे धातूचे दाते उमटवून वीज सोडली, की पृष्ठभागावरून लाट निघते. लिथियम नायोबेट नावाच्या स्फटिकावर ती सेकंदाला साडेतीन-चार किलोमीटर जाते, म्हणजे रेडिओलहरीच्या जवळपास लाखपट सावकाश. पण खरी मेख तीच. शंभर कोटी कंपनांच्या रेडिओलहरीची लांबी फूटभर, या लाटेची चार मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत! म्हणून तर मोबाइलमधला, नको त्या रेडिओलहरी गाळणारा असा फिल्टर तांदळाच्या दाण्याहून लहान होतो. गॅलियम आर्सेनाइड या चिपच्या अर्धवाहकामध्ये या लाटेबरोबर विद्युतक्षेत्राचे चढउतारही धावतात आणि इलेक्ट्रॉन त्यांच्या खोलगटात बसून पुढे जातात. एकेक इलेक्ट्रॉन असा नेण्याचे प्रयोग केंब्रिजमध्ये 1990च्या दशकातच झाले.

आता पोटाचं. फिल्टर बाजारात आहेत, इलेक्ट्रॉन वाहून नेणं अजून प्रयोगशाळेत. निव्वळ या विषयाची पदवी शोधू नका. माझं मत, इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्युनिकेशनला बीई करू द्या. पहिली नोकरी कॉम्प्युटरवाल्यांना लवकर लागते हे भावकीचं खरं, पण या वाटेला फिजिक्स आणि सर्किट दोन्ही लागतात. उद्या संशोधनाचा नाद सुटला तरी हातात पदवी राहते. टिकला तर गेट ही बीईनंतरची प्रवेशपरीक्षा देऊन बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे बघता येईल. तिथे नॅनो सायन्स अँड इंजिनिअरिंगचा स्वतंत्र विभाग आहे. पीयूसीत इंग्रजीने दमछाक होत असेल तर घाबरू नका, आपल्याकडच्या बहुतेक मुलांची होते. लाटांचा धडा तिला आधी मराठीत तुम्हाला समजावून सांगू द्या.

केसीईटी, म्हणजे कर्नाटकची प्रवेशपरीक्षा, द्यायचीच. शिवाय महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात सीमाभागातल्या मराठी भाषक मुलांसाठी ‘टाइप ई’ ही वेगळी सोय आहे, ती नियमपुस्तिकेत नीट वाचा. मातृभाषा मराठी असल्याचा दाखला मात्र आताच काढा. निकालानंतर शाळेत सह्या करायला कुणी जागेवर सापडत नाही.