पिल्लू आणणार असशील तर दोन आण

अनेक आशीर्वाद.

'मांजराचं पिल्लू एक आणू की दोन? आणि पर्शियन कसं?' तुझे प्रश्न एका ओळीचे आहेत, पण उत्तर मेसेजमध्ये मावेना, म्हणून हे पत्र.

आकड्याचं आधी सांगते. पिल्लू आणणार असशील तर एकाच वेतातली दोन आण. एकच मांजर हवं असेल तर पिल्लाच्या वाटेला जाऊ नकोस, दीड-दोन वर्षांचं शहाणं मांजर घे. तू सकाळी नऊला घर सोडतेस, रात्री आठला परततेस. तेवढा वेळ एकटं राहिलेलं पिल्लू साठवून ठेवलेली सगळी मस्ती तुझ्या पायांवर काढणार. किती जोरात चावलं की समोरच्याला दुखतं, हे पिल्लं एकमेकांकडून शिकतात. भावंड किंचाळतं, खेळ थांबवतं, की धडा मिळतो. ते काम तुझ्या घोट्यांनी करायचं कशाला?

सगळे सुचवतील, 'आधी एक आण, जमलं तर वर्षाने दुसरं.' ऐकायला सावध वाटतं, पण प्रत्यक्षात हीच वाट सगळ्यात अवघड. मांजर एकट्याने शिकार करणारा प्राणी आहे. मासळी बाजारात त्यांचे घोळके दिसतात खरे, पण तिथे मुबलक खायला असतं आणि अशा घोळक्यात आई, मुली, मावश्या, बहिणी असं एकाच घरातलं गोत जास्त असतं. अनोळखी मोठं मांजर म्हणजे हद्दीत घुसलेला परका. बरं, भांडण दरवेळी दिसतंच असं नाही. एक मांजर पॅसेजमध्ये नुसतं आडवं पडून राहतं, दुसऱ्याची शी-शूच्या ट्रेकडे जायची हिंमत होत नाही, आणि मग ते तुझ्या गादीवर मुततं. आपण म्हणतो, हे असं घाणेरडं कसं झालं! पुढेमागे दुसरं आणलंसच, तर ते आधी वेगळ्या खोलीत ठेवायचं, अंगाला पुसलेली फडकी इकडची तिकडे द्यायची, बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण ठेवायचं. यात कधी कधी महिना-दोन महिने जातात.

तिसऱ्याचा विचार मात्र तुझ्या वन बीएचकेत नकोच. हिशोब लिटर ट्रेपासून कर: जितकी मांजरं, त्याहून एक ट्रे जास्त. दोघांना तीन. एक बाथरूममध्ये, एक हॉलच्या कोपऱ्यात, एक बाल्कनीत. पावसाळ्यात बाल्कनीतलं लिटर, म्हणजे ट्रेमधली वाळू, ओल धरतं, तेव्हा तोही आत घ्यावा लागेल. रोज दोनदा उपसायचे. हे वाचतानाच कंटाळा आला असेल तर आकडा तिथेच कमी कर. 2025 च्या फेब्रुवारीत पुण्यात हडपसरच्या एका फ्लॅटमध्ये तीनशेच्या वर मांजरं असल्याची बातमी तू वाचली असशील. एका दिवसात कुणी तीनशे आणत नाही. भाटीला, म्हणजे मादीला, चार-पाच महिन्यांची असतानाच गाभ राहू शकतो, आणि दोन महिन्यांत ती विते. बहीण-भाऊ आणलेस तरी हा हिशोब सुटत नाही, त्यांना नातं कळत नाही. म्हणून पाच महिने पूर्ण व्हायच्या आधीच दोघांचीही नसबंदी. यात चालढकल नको.

आता पर्शियन. दिसतं देखणं, पण त्या चपट्या नाकामुळे श्वास अपुरा पडतो, डोळे सतत गळतात, केस रोज विंचरले नाहीत तर गुंतून त्यांचे गोळे होतात, आणि आपल्याकडचा एप्रिल-मे त्याला सोसत नाही. या जातीत किडनीचा एक आनुवंशिक आजारही आढळतो. शिवाय विकायला ठेवलेली पिल्लं पुष्कळदा आईपासून फार लवकर तोडलेली असतात. निदान आठ आठवडे, जमल्यास बारा, पिल्लू आईजवळ राहायला हवं. आपली गावठी मांजरं काटक, या हवेत मुरलेली. तीच घे.

रंगावरून स्वभाव ठरवू नकोस. रंगावरून फार तर नर-मादीचा अंदाज येतो: नारिंगी पाचातले चार बोके असतात, तिरंगी जवळजवळ नेहमी भाटी. पांढरंशुभ्र, निळ्या डोळ्यांचं पिल्लू आवडलं तर त्याच्या मागे टाळी वाजवून बघ, त्यांच्यात बहिरेपण बरंच असतं. आणि काळी पिल्लं लोकांच्या खुळापायी शेवटपर्यंत मागे राहतात. मला विचारशील तर आधी तीच बघ.

बघायला गेलीस की जमिनीवर बस आणि कुणालाही हाक मारू नकोस. 'मांजरच आपल्याला निवडतं' असं म्हणतात. खरं तर धावत येऊन मांडीवर चढणारं पिल्लू त्या वेतातलं सगळ्यात धीट असतं आणि ते कुणाच्याही मांडीवर चढलं असतं. तुझ्यासारख्या शांत घराला, आधी सोफ्याखाली शिरून पंधरा मिनिटांनी हळूच नाक बाहेर काढणारं जास्त जमेल. दहा आठवड्यांचं होऊनही कोपऱ्यात बसून फिस्कारत असेल, तर त्याला दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसाचा हात लागलेला नसावा. ते वाईट नसतं, पण त्याला दिवसभर घरी असणारं माणूस हवं.

डोळे-नाक कोरडं, कानात काळी भुकटी नाही, शेपटीखाली स्वच्छ, पोट टम्म फुगलेलं नाही, एवढं स्वतः तपास. वजन साधारण महिन्याला अर्धा किलो धर. ज्यांच्याकडून घेशील त्यांना विचार, अलीकडे तिथलं एखादं पिल्लू उलट्या-जुलाबाने दगावलं का. पॅनल्यूकोपेनिया हा पिल्लांचा जीव घेणारा उलट्या-जुलाबाचा आजार, त्याचा विषाणू घरात वर्षभरही टिकतो. लस झालेली नसेल तर त्या घरातलं पिल्लू घेऊ नकोस. आणि दूधभातावर मांजर वाढवायचं आजीचं शास्त्र विसर. त्याला मांसातलं टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं, आणि मोठ्या मांजराला दूध बहुधा पचत नाही.

सोसायटीवाले कुरकुर करतील. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला पाळीव कुत्र्यांवरही सरसकट बंदी घालता येत नाही. पण घरमालकाचा प्रश्न वेगळा, त्याच्याकडून करारात लिहून घे. घरात राहणारं मांजर पंधरा वर्षं सहज जगतं. म्हणजे तू चाळिशी ओलांडशील. लग्न, बदली, परदेश, यातलं काहीही झालं तर मांजरं कुणाकडे, ते नाव आज ठरव. आईला गृहीत धरू नकोस, तिला विचार.

खिडक्यांना आणि बाल्कनीला जाळी लागल्याशिवाय कुणालाही घरात आणू नकोस, तू सातव्या मजल्यावर आहेस. शनिवारी बघायला जाशील तेव्हा मला फोटो पाठवू नकोस, फोटोत सगळीच गोड दिसतात. व्हिडिओ पाठव, आवाजासकट. कोण शिंकतंय ते तरी कळेल.

तुझी,
ताई