शेगडी आली, आता अवजारं जपून घ्या

अभिनंदन! पण तो सुटकेसमधला अठरा नगांचा बार्बेक्यू सेट राहू द्या. त्यातलं निम्मं कधी हातातही येत नाही. सुरुवातीला एवढंच पुरे:

– चिमटा, साधारण ४० सेंमी लांब. स्वयंपाकघरातला आखूड चिमटा वापरलात तर मनगटावरचे केस जळतील, माझे जळलेत. दुकानातच वीसेक वेळा उघडझाप करून बघा. सांधा खुळखुळला तर नको.
– चपट्या सळ्या. गोल सळीवर पनीर जागच्या जागी फिरतं आणि एकच बाजू करपते.
– उलथनं.

स्टील ३०४ ग्रेडचं मागा, पावसाळ्यातही सहसा गंजत नाही. तारेचा ब्रश मात्र टाळा. सुटलेली तार जाळीला चिकटते आणि थेट घासात येते. त्यापेक्षा जाळी गरम असतानाच काट्याला अर्धा कांदा टोचून घासा.