मरिंबासाठी अवघड एकल एट्यूड रचायचा आहे. सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की चार मॅलेटनी (टोकाला गोळा असलेल्या काठ्या, एका हातात दोन) मरिंबा, म्हणजे लाकडी पट्ट्यांचं वाद्य, वाजवता, गावच्या भजनात पखवाजही धरता आणि आता स्वतःसाठी एक अवघड एट्यूड, म्हणजे एखाद्या तांत्रिक अडचणीवरची सरावाची रचना, लिहायला घेतलाय. पण पानं नुसती वेगवान होतात, अवघड होत नाहीत.

सुरुवात स्वरांपासून करू नका, हातांपासून करा. एट्यूडला एकच अडचण पुरते, आणि ती वाजवणाऱ्याच्या मनगटात असते. लय वाढवली की रचना दमवते, एवढंच. अवघड ती तेव्हा होते, जेव्हा एखाद्या हाताची उसंत काढून घेतली जाते.

पखवाज येतो हे तुमचं मोठं भांडवल आहे. मी कुडाळचा. आमच्याकडे डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यात, गजर चढायला लागला की पखवाजावर जे बोल धावतात, त्यांतला अगदी रोजचा एक घ्या: 'तिट कत गदि गन'. आठ आघात. मॅलेटना डावीकडून १, २, ३, ४ असे आकडे द्या आणि बोल असा वाटा: तिट ३-४, कत १-२, गदि १-३, गन २-४. एकदा वाजवून काहीच जाणवणार नाही. सलग फिरवा. 'न'चा ४ पडतो न पडतो तोच 'तिट'चे ३-४ येतात, म्हणजे उजव्या हाताला ४-३-४. लगेच डाव्याला १-२-१. मग उजव्याचा एक, डाव्याचा एक, आणि पुन्हा तेच. कानाला आठाचा बोल ऐकू येतो. हातांना मात्र तीन, तीन, एक, एक अशी विभागणी येते, आणि तीही समेच्या, म्हणजे पहिल्या आघाताच्या, एक आघात आधीपासून. एकाच मनगटाने बाहेर-आत-बाहेर असे तीन आघात सारख्या वजनाचे काढायचे, ही झाली तुमची अडचण. यातला मधला आघात हटकून मिणमिणीत पडतो, त्याच्यावरच रियाज करा. 'कत'ला २-१ घेण्याचा मोह होईल. तसं केलंत तर १ लागोपाठ दोनदा येतो. ती वेगळी अडचण आहे, ती दुसऱ्या एट्यूडसाठी ठेवा.

आता उसंतीचा हिशोब. उजव्या हाताचे तीन झाले की डाव्याचे तीन होईपर्यंत तो मोकळा असतो. पूर्वार्धात मॅलेटमधलं अंतर बदलायचं ते याच फटीत: सा-ग एवढं उघडलेलं सा-ध एवढं करायचं. उत्तरार्धात तोच बदल 'दि' आणि 'न' यांच्या मध्ये आणा. तिथे जेमतेम एका आघाताची जागा आहे. लय तीच, बोल तोच, आणि तरीही घाम फुटतो. शिवाय मरिंबाच्या पट्ट्या खाली जाऊ तशा रुंद होत जातात, त्यामुळे वरच्या सप्तकात सहज पकडलेलं अंतर खर्जात हात ताणून घ्यावं लागतं. हीच फिरत एकदा खाली उतरवा, नवीन काही न लिहिता रचना आणखी अवघड होईल.

राग निवडतानाही हातच बघा. काळी तीन सा धरलात, तर भूपाचे पाच स्वर काळ्या पट्ट्यांच्या एकाच ओळीत येतात आणि हाताला काही सोसावं लागत नाही. मी तोडी घेईन. पांढरी एक सा धरली तर सा, प, नी जवळच्या ओळीत आणि कोमल रे, कोमल ग, तीव्र म, कोमल ध वरच्या ओळीत येतात. उजव्या हाताने सा-रे घेताना कोपर बाहेर जातं, म-प घेताना अंगाकडे येतं. या दोन जागा पाठोपाठ ठेवा. वेगात वरच्या ओळीवर पट्टीच्या मध्यावर पोचणं जमत नाही, तिथे पट्टीचं जवळचं टोक धरा. पट्टीतून दोरी जाते तिथे मात्र मारू नका, त्या ठिकाणी आवाज मरतो.

एक आपल्या किनाऱ्यापुरतं. पावसाळ्यात लाकडी पट्टी ओलावा धरते, जड होते आणि सूर किंचित उतरतो. जूनमध्ये हार्मोनियमशी ताडून बघाल तर वाद्य बिघडल्यासारखं वाटेल, पण म्हणून लगेच पट्टी घासायला देऊ नका.

ताल सात मात्रांचा रूपक ठेवा. मात्रेला चार आघात धरले तर आवर्तन अठ्ठावीसचं होतं, त्यात आठाचा बोल साडेतीनदा बसतो आणि दोन आवर्तनांनी समेवर येतो. शेवटी तिहाई: बोल अधिक 'धा', म्हणजे नऊ, तीनदा, मध्ये दम न घेता. शेवटचा धा समेवर हवा तर आवर्तनाच्या पहिल्या मात्रेच्या तिसऱ्या आघातावर उठायचं. 'धा'ला चारही मॅलेट एकदम. इथे गंमत बघा: 'न'चा ४, मग धा, मग 'तिट'चे ३-४, असे उजव्या हाताला सलग चार आघात येतात. सबंध रचनेत तीन होते, ते इथे, ऐन समेच्या तोंडावर, चार झाले. या जागेवर कागदावर मॅलेटचे आकडे नक्की लिहा. बाकी ठिकाणी हातवाटणी बदलेल तेवढीच लिहा, नाहीतर स्वर वाचता येणार नाहीत.