‘अवयव किती?’ या प्रश्नाची तीन उत्तरे

यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यातल्या शिक्षकांनी विचारले आहे की, 12,34,56,789 या संख्येचे अवयव किती, या प्रश्नावर वर्गातून 12, 4 आणि 3 अशी तीन उत्तरे आली, तर त्यांपैकी कोणते ग्राह्य धरावे. गणिताने तिन्ही बरोबर आहेत. दोष प्रश्नातल्या ‘अवयव’ या मोघम शब्दाचा आहे.

या संख्येतील अंकांची बेरीज 45 येते, म्हणून तिला 9 ने निःशेष भाग जातो आणि भागाकार 1,37,17,421 येतो. ही संख्या मात्र सहजासहजी फुटत नाही, कारण ती 3607 आणि 3803 यांचा गुणाकार आहे आणि या दोन्ही मूळ संख्या आहेत, हे 61 पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिल्यास चिकाटीच्या विद्यार्थ्याला पटते. म्हणजे 12,34,56,789 = 3 × 3 × 3607 × 3803. यातले 3 दोनदा मोजले तर मूळ अवयव चार होतात, एकदाच मोजले तर तीन. मात्र संख्येला निःशेष भागणाऱ्या सर्व संख्या मोजायच्या असतील, तर मूळ अवयवांच्या घातांकांत (म्हणजे प्रत्येक मूळ अवयव जितक्या वेळा येतो त्या आकड्यात) एकेक मिळवून गुणाकार करावा. इथे तो 3 × 2 × 2, म्हणजे 12 येतो, आणि त्यांत 1 व ती संख्या स्वतः यांचाही समावेश असतो.

या बारांना ‘विभाजक’ म्हणावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘मसावि’मधला ‘वि’ विभाजकाचाच आहे (‘लसावि’मधला विभाज्याचा, ही घोटाळ्याची आणखी एक जागा!). शिवाय क्रियापदेही वेगळी आहेत: आपण अवयव ‘पाडतो’, म्हणजे संख्या गुणाकाराच्या रूपात फोडतो, आणि विभाजक ‘शोधतो’. 1 हा प्रत्येक संख्येचा विभाजक आहे, पण मूळ अवयव कोणाचाच नाही, एवढे सांगितले तरी दोन शब्द का हवेत ते मुलांना कळते.

वर्गातले एखादे मूल ‘या आकड्याले नऊनं पुरा भाग जाते’ असे म्हणाले, तर ते तिथेच थांबवून ‘जातो’ म्हणायला लावू नये. ते वऱ्हाडीचे व्याकरण आहे, आणि ‘पुरा भाग’ हा तर ‘निःशेष’पेक्षा लवकर समजणारा शब्दप्रयोग आहे. ‘आकडा’ऐवजी ‘संख्या’ मात्र हळूहळू रुजवावी, कारण इथे नऊ अंक आहेत आणि संख्या एकच आहे.

परीक्षेतला प्रश्न ‘मूळ अवयव पाडा’ किंवा ‘एकूण विभाजक किती?’ असा नेमका असावा. सरावासाठी अंक उलट क्रमाने लिहून 98,76,54,321 घ्यावी: ती 3 × 3 × 17 × 17 × 3,79,721 अशी फुटते, म्हणून तिचे वेगवेगळे मूळ अवयव तीनच राहतात, पुनरावृत्तीसह पाच होतात आणि विभाजक 18 होतात.