कंजूष शेठजी आणि आर्क्टिकची शर्यत

प्रश्न : आमच्या बालनाट्य मंडळासाठी मी एक विनोदी साहसनाट्य लिहीत आहे. नाशिकचे एक कोट्यधीश पण महाकंजूष द्राक्षव्यापारी पैजेपायी आर्क्टिकमधील कुत्र्यांच्या स्लेजगाडीच्या शर्यतीत उतरतात. खर्च वाचावा म्हणून ते आजोबांची घोंगडी पांघरतात, कुत्र्यांना न खपलेले बेदाणे चारतात आणि वाट चुकल्यावर पेंग्विन त्यांना मार्ग दाखवतात. यात काही खटकण्याजोगे आहे का?
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : आपले शेठजी फर्मास आहेत, तेथील वस्तुस्थिती जशीच्या तशी ठेवलीत, तर त्यांची फजिती अधिकच रंगेल, असे आम्हांला वाटते. पेंग्विन मात्र गाळावेत. ते दक्षिण गोलार्धातील पक्षी असल्याने आर्क्टिकमध्ये दिसणार नाहीत, आणि पहिल्या रांगेतली मुले ही चूक ओरडून सांगतील.

बेदाण्यांचा प्रसंग आहे तसा ठेवू नये, कारण द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्यांना विषारी असून त्यांमुळे मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. शेठजी पोत्याचे तोंड सोडतात न सोडतात तोच एखाद्या जाणत्या स्लेजचालकाने ते हिसकावून घ्यावे आणि खऱ्या खुराकाची यादी त्यांच्या हाती ठेवावी, हे बरे. कडाक्याच्या थंडीत दिवसभर धावणाऱ्या एका कुत्र्याला सुमारे 10,000 कॅलरी लागतात, त्याही मुख्यतः मांस, मासे आणि चरबी यांतून. चौदा कुत्र्यांचे रोजचे 1,40,000 कॅलरींचे गणित शेठजींनी लाल चोपडीत मांडू लागावे आणि बेरजेपाशी येताच त्यांना घाम फुटावा.

हा घामच पुढे त्यांच्या मुळावर येऊ शकतो. घोंगडीची थट्टा करण्याचा मोह आवरावा, कारण लोकर ओलसर झाली तरी बरीचशी ऊब राखते. दगा देते ती आतली सुती बंडी, जी घाम शोषून ओलीच राहते आणि गाडी थांबताच अंग गारठवते. निफाडला पारा चार-पाच अंशांवर उतरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. तिकडे तो उणे 40 पर्यंतही जाऊ शकतो. उणे 40 हा आकडा सेल्सिअस आणि फॅरनहाइट या दोन्ही मापांत एकच असल्यामुळे शेठजींनी कितीही घासाघीस करून दुसरा तापमापक आणला, तरी थंडीत सवलत मिळायची नाही.

आता स्थळाविषयी. अलास्कातील इडिटारॉड ही सुमारे 1,600 किलोमीटरची, 1973 पासून नोमपर्यंत धावली जाणारी शर्यत सर्वांत प्रसिद्ध आहे. पण नोम गाव आर्क्टिक वृत्ताच्या दक्षिणेस आहे. काटेकोर आर्क्टिकच हवे असेल, तर नॉर्वेच्या फिनमार्क भागात आल्टा येथून निघणारी शर्यत नाटकाला अधिक सोयीची पडेल.

इडिटारॉडमधील एक प्रथा मात्र खुशाल उसनी घ्यावी. तेथे सर्वांत शेवटी पोहोचणाऱ्या स्पर्धकाला लाल कंदील बक्षीस देतात, आणि शेवटची गाडी येईपर्यंत अंतिम रेषेपाशी एक दिवा तेवत ठेवतात. शेठजी शेवटचे यावेत, कंदील घासलेटासकट मिळाला आहे ना, हे त्यांनी हलवून पाहावे, आणि मग तेवणाऱ्या दिव्याकडे बोट दाखवून विचारावे, “हा इतके दिवस जळत होता, तो कुणाच्या खात्यावर?”