दोन कीबोर्ड मिडीने जोडून कार्यक्रमात एकत्र कसे वाजवावेत?

दादरच्या वाद्यवृंदात खालच्या कीबोर्डवरून वरच्याचे स्ट्रिंग्जही (तंतुवाद्यांचा आवाज) वाजावेत, असे आपण विचारले आहे. मिडी म्हणजे वाद्यांनी एकमेकांना संदेश पाठवण्याची पद्धत. ज्यावर बोटे चालणार त्याच्या 'मिडी आउट'मधून पाच पिनांची केबल दुसऱ्याच्या 'मिडी इन'मध्ये लावावी आणि दोन्हींचा चॅनेल, १ ते १६ पैकी, एकच ठेवावा. या केबलमधून आवाज जात नाही, केवळ कोणता स्वर किती जोराने दाबला यांसारखे संदेश जातात. म्हणून दोन्हींच्या ऑडिओ वायरी मिक्सरला स्वतंत्रपणे जोडाव्याच लागतात, आणि नेमके हेच घाईत विसरले जाते. कीबोर्डना फक्त यूएसबी असल्यास मध्ये संगणक किंवा यूएसबी होस्ट (संगणकाऐवजी दोन्हींना जोडणारे उपकरण) लागतो. ट्रान्स्पोज (पट्टी बदलण्याची सोय) मात्र तालमीतच तपासावे, कारण गायकासाठी काळी चार ही पट्टी घेतल्यावर काही कीबोर्ड बदललेले स्वर पुढे पाठवतात, तर काही मूळचेच.